कोणाला विचारायचे?
विद्यापीठाच्या वाटेवरील मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी

दरवर्षी एच.एस.सी.चा निकाल लागला की आपल्या बेटावर दोन-तीन दिवस दुसरा विषय नसतो. लॉरिएट कोण झाले, कोणत्या कॉलेजचे झाले, कोणत्या गावचे, कोणाच्या नात्यातले, याची चर्चा बसमध्ये, बाजारात आणि देवळाच्या पायरीवरही चालते. मित्रांनी खांद्यावर उचललेल्या मुलांचे फोटो वर्तमानपत्रांत झळकतात. गुणवंतांचे कौतुक झालेच पाहिजे, त्यात आमचे दुमत नाही. परंतु लॉरिएट होतात ती मूठभर मुले. त्याच दिवशी निकाल घेऊन घरी गेलेल्या इतर हजारो मुलांचे काय? त्यांच्या घरी संध्याकाळी चहा होतो, आजी देवापुढे साखर ठेवते आणि मग वडील विचारतात, "आता पुढे काय?" या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न असतो, पण तो कोणी मोठ्याने विचारीत नाही. हे सारे विचारायचे तरी कोणाला?

या आठवड्यात आम्ही त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहीत आहोत. कारण आमची अशी समजूत आहे की आपल्या समाजातील मुलांना बुद्धी कमी नाही, कष्टांची सवय आहे, आणि आता पूर्वीइतकी पैशांचीही अडचण नाही. उणीव आहे ती वेळेवर मिळणाऱ्या योग्य सल्ल्याची.

दार उघडले, वाट दाखवणारा कोण?

आपले पूर्वज 1834 नंतर सुरू झालेल्या करारपद्धतीत मुंबई बंदरातून गलबतात बसले. कोणी रत्नागिरीकडचे होते, कोणी सावंतवाडीकडचे. पाच वर्षांच्या करारावर अंगठा उठला आणि माणूस उसाच्या मळ्यात दाखल झाला. "मोठेपणी काय व्हायचे?" हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही आणि त्यांच्या मुलांनाही विचारला नाही. पुढच्या पिढ्यांनी पोटाला चिमटा काढून एखाद्या मुलाला शिकवले. तो शिक्षक झाला, पोलिसात गेला किंवा सरकारी कचेरीत कारकून झाला, तर सबंध गावाला अभिमान वाटे.

दार एकदम उघडले नाही, टप्प्याटप्प्याने उघडले. रेद्वी येथे मॉरिशस विद्यापीठाची स्थापना 1965 साली झाली. त्या वेळी तेथे शेती, प्रशासन आणि औद्योगिक तंत्रज्ञान अशी तीन विद्यालये होती, कारण देशाला तेव्हा त्याच माणसांची गरज होती. 1977 पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले आणि ज्या घरांत फक्त थोरला मुलगा कॉलेजात जात असे, त्या घरांतून मुलीही जाऊ लागल्या. 2005 साली विद्यार्थ्यांना बसचा प्रवास मोफत झाला. पुढे पहिली पदवी घेणाऱ्यांना सरकारी उच्च शिक्षण संस्थांतील शिक्षणशुल्क माफ झाले, ते 2019 च्या जानेवारीत. दरम्यान संस्थाही वाढल्या. तंत्रज्ञान विद्यापीठ 2000 साली आले. मास्कारेन विद्यापीठ आणि मुक्त विद्यापीठ 2012 साली सुरू झाले, आणि त्यानंतर पॉलिटेक्निक.

म्हणजे आज कास्कावेलच्या मुलीला किंवा वाक्वाच्या मुलाला विद्यापीठात जाण्यापासून अडवणारे कोणी नाही. पण ज्या घरातून आजवर कोणी विद्यापीठात गेले नाही, त्या घराला आतल्या वाटा ठाऊक नसतात. ज्यांचे वडील वकील आहेत, काका डॉक्टर आहेत, त्यांना जेवणाच्या टेबलावर जे आपोआप कळते, ते आपल्या मुलांना कोणीतरी मुद्दाम सांगावे लागते. ते सांगणारे कोणी नसले की मुले शेजाऱ्याच्या मुलाने घेतला तोच विषय घेतात.

घरचा सल्ला कधीचा असतो?

आईवडिलांचा सल्ला प्रेमाचा असतो. पण तो बहुधा त्यांच्या तरुणपणीच्या मॉरिशसमधला असतो, आणि तो मॉरिशस आता राहिलेला नाही.

थोडे मागे पाहू. एके काळी या बेटावर वीसहून अधिक साखर कारखाने होते आणि "साखरेत नोकरी" म्हणजे जन्माची सोय. मग 1970 च्या कायद्याने निर्यातीचे औद्योगिक क्षेत्र आले. कपड्यांचे कारखाने निघाले आणि आपल्या अनेक बहिणी 'झोन'मध्ये कामाला लागल्या. पुढे युरोपने साखरेला दिलेला खात्रीचा भाव 2006 ते 2009 या काळात 36 टक्क्यांनी उतरला. जागतिक कापडव्यापारातील कोट्याची पद्धत 2005 साली संपली आणि कित्येक कारखान्यांची दारे बंद झाली. आज साखर कारखाने एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. दुसरीकडे 1992 च्या कायद्यानंतर परदेशी कंपन्यांच्या आर्थिक सेवांचा व्यवसाय उभा राहिला, आणि 2000 नंतर एबेनच्या माळावर संगणकाच्या कचेऱ्यांचे मनोरे उठले.

एका पिढीच्या आयुष्यात इतके बदल झाले. म्हणून "अमुक शिक, नोकरी पक्की" असे छातीवर हात ठेवून कोणीही सांगू नये. आज अठरा वर्षांचा असलेला मुलगा चाळीस वर्षांहून अधिक काळ काम करणार आहे. त्याला एक नोकरी दाखवून भागणार नाही. काय शिकले असता काम बदलले तरी माणूस उभा राहील, हे पाहावे लागेल. हिशेब समजणे, स्वच्छ लिहिता येणे, चारचौघांत बोलता येणे, संगणक हाताळता येणे आणि नवे शिकण्याची सवय असणे, ही शिदोरी कोणत्याही व्यवसायात कामी येते.

सरकारी नोकरीबद्दलही एक शब्द सांगितला पाहिजे. पब्लिक सर्व्हिस कमिशनची जाहिरात आली की अर्ज जरूर करावा. सरकारी नोकरी सन्मानाची आहे. पण पदवी घेऊन त्या एकाच पत्राची वाट पाहत घरी तीन-चार वर्षे काढणारी मुले आमच्या पाहण्यात आहेत. अर्ज टाकावा आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कामाला लागावे. वाट पाहणे हा व्यवसाय नव्हे.

पहिले कुलूप सोळाव्या वर्षी लागते

पुष्कळांना वाटते की करिअरचा विचार एच.एस.सी. झाल्यावर करायचा. खरे तर त्याच्या दोन वर्षे आधी, एस.सी. झाल्यानंतर जो विषयांचा फॉर्म भरतात, तेथेच निम्मा निर्णय होऊन जातो. एच.एस.सी.ला तीन मुख्य विषय घ्यायचे असतात, त्यांच्या जोडीला दुय्यम विषय आणि जनरल पेपर. ज्याला इंजिनियर व्हायचे आहे त्याने मुख्य विषयांत गणित सोडले, किंवा जिला डॉक्टर व्हायचे आहे तिने रसायनशास्त्र सोडले, तर पुढे कितीही चांगले गुण मिळाले तरी ते दार उघडत नाही. विद्यापीठाच्या प्रवेशाच्या अटी दोन भागांत असतात. एक सर्वांना लागू असलेल्या सामान्य अटी, दुसऱ्या त्या त्या अभ्यासक्रमाच्या खास अटी. मुले पहिला भाग वाचतात आणि दुसरा विसरतात.

म्हणून आमची पहिली सूचना अशी. मुलगा किंवा मुलगी एस.सी.च्या वर्गात असतानाच आवडते असे तीन-चार अभ्यासक्रम निवडा. त्या प्रत्येकाच्या खास अटी विद्यापीठाच्या माहितीपत्रकातून उतरून घ्या आणि तो कागद समोर ठेवून मगच विषय भरा. या कामाला एक दुपार लागते. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा हे बरे.

दुसरी गोष्ट मोकळ्या महिन्यांची. एच.एस.सी.चे निकाल वर्षाच्या सुरुवातीस लागतात आणि विद्यापीठाचे नवे वर्ष वर्षाच्या उत्तरार्धात सुरू होते. मधले महिने पुष्कळ मुले झोपून आणि फोन हातात घेऊन घालवतात. हेच महिने एखाद्या कचेरीत, दुकानात, हॉटेलात किंवा प्रयोगशाळेत काम पाहण्यात घालवले तर काय आवडत नाही एवढे तरी कळते. दुरून डोंगर साजरे असतात. हिशेबनिसाचे काम दिवसभर कसे चालते हे दोन महिने पाहिल्यावर कोणी आनंदाने तिकडे वळेल, कोणी वेळीच मागे फिरेल. दोन्हीत लाभच आहे.

विद्यापीठात गेल्यावर

कॉलेजात घंटा होते, हजेरी होते, गैरहजर राहिल्यास घरी कळते. विद्यापीठात यातले फारसे काही नसते. तेथे विद्यार्थ्याला मोठा माणूस समजतात. हा बदल किती मोठा आहे हे घरच्यांच्या लक्षात येत नाही.

एका कुटुंबाची हकीगत आम्हास ठाऊक आहे. मुलगा हुशार, घरातला पहिलाच पदवीचा विद्यार्थी. पहिल्या सत्रात दोन विषयांत नापास झाला. घरी सांगण्याची लाज वाटली आणि तेथे कोणाला विचारायचे ते ठाऊक नव्हते. दुसऱ्या सत्रात त्याने वर्गात जाणे हळूहळू सोडले. रोज सकाळी आई डबा भरून देई, तो बसने निघे, रोझ हिलला उतरून दिवस काढी आणि संध्याकाळी परत येई. असे चार महिने चालले. घरी कळले तेव्हा वडिलांनी आवाज चढवला, आईने अन्न सोडले. शेवटी एका नातेवाइकाने त्याला हाताला धरून अभ्यासक्रमाच्या समन्वयक प्राध्यापकांकडे नेले. त्यांनी अर्ध्या तासात तीन वाटा सांगितल्या. नापास झालेले विषय पुन्हा देता येतील, वर्ष पुन्हा करता येईल, किंवा अधिक हातचे काम असलेल्या पदविकेकडे वळता येईल. मुलाने पदविका घेतली आणि आज तो विजेच्या कामात चांगला स्थिरावला आहे. ज्या अर्ध्या तासाने प्रश्न सुटला, तो अर्धा तास त्याला चार महिने आधी मिळाला असता तर चार महिन्यांचे ते खोटे जिणे टळले असते.

म्हणून प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने पहिल्या महिन्यातच काही गोष्टी कराव्यात. आपल्या अभ्यासक्रमाचे समन्वयक कोण, त्यांची खोली कोठे, ते कधी भेटतात, हे शोधून एकदा जाऊन नमस्कार करून यावा. ओळख असली की अडचणीत जाण्याचा संकोच राहत नाही. अभ्यासक्रमाची नियमपुस्तिका संपूर्ण वाचावी. कोणता विषय किती क्रेडिटचा, कोणते विषय आवश्यक, कोणते ऐच्छिक, नापास झाल्यास काय, वर्ष पुन्हा केव्हा करावे लागते, हे सारे तिच्यात लिहिलेले असते. तसेच गुणांची एकत्रित सरासरी, जिला विद्यार्थी सी.पी.ए. म्हणतात, ती कशी काढतात ते समजून घ्यावे. अनेक अभ्यासक्रमांत वरच्या वर्षांच्या गुणांना जास्त वजन असते. पहिल्या वर्षी घसरलेला विद्यार्थी तिसऱ्या वर्षी वर येऊ शकतो, आणि पहिल्या वर्षाच्या यशावर विसंबून राहिलेला खाली जाऊ शकतो.

ऐच्छिक विषय "सोपा" म्हणून घेऊ नये. ज्या कामाकडे जायचे आहे त्याला जवळचा विषय घ्यावा. शेवटच्या वर्षाचा प्रबंधही तसाच निवडावा. मुलाखतीत "तुम्ही कशावर काम केले?" असे विचारतात, तेव्हा हा प्रबंध म्हणजे तुमच्या पदवीचा बोलका भाग असतो.

आणि अभ्यासक्रम मुळातच न मानवणारा निघाला तर? पहिल्या वर्षाच्या अखेरीपर्यंत तो बदलण्याची वाट विचारावी. एक वर्ष गेले म्हणून आणखी दोन वर्षे नको त्या वाटेने चालणे शहाणपणाचे नव्हे. आईवडिलांनी अशा वेळी "लोक काय म्हणतील" हा हिशेब बाजूला ठेवावा. लोक चार दिवस बोलतात, मुलाला चाळीस वर्षे काम करायचे असते.

पदवी म्हणजे परवाना नव्हे

आपल्याकडे सर्वांत महाग पडणारी गैरसमजूत हीच आहे. कायद्याची पदवी मिळाली म्हणजे बॅरिस्टर झालो असे होत नाही. त्यापुढे व्यावसायिक अभ्यासक्रम आणि कौन्सिल ऑफ व्होकेशनल लीगल एज्युकेशनची परीक्षा असते. डॉक्टरला आधी इस्पितळात उमेदवारी करावी लागते आणि मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. इंजिनियरांसाठीही नोंदणी करणारी स्वतंत्र कौन्सिल आहे. हिशेबशास्त्राची पदवी घेतलेल्याला ए.सी.सी.ए.च्या काही पेपरांतून सूट मिळू शकते, पण सभासद होण्यासाठी उरलेल्या परीक्षा आणि तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतोच. माध्यमिक शाळेतील शिक्षकाला विषयाच्या पदवीनंतर शिक्षणशास्त्राचा पी.जी.सी.ई. हा अभ्यासक्रम उपयोगी पडतो. तो रेद्वीच्या मॉरिशस इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमध्ये, म्हणजे 1973 साली स्थापन झालेल्या एम.आय.ई.मध्ये, चालतो.

याचा अर्थ असा की पदवीची तीन-चार वर्षे मोजून थांबू नये. त्यापुढील परीक्षा, उमेदवारी, नोंदणी धरून एकूण किती वर्षे आणि किती खर्च, याचा हिशेब सुरुवातीलाच मांडावा. मधल्या काळात घर कशावर चालेल, धाकट्या भावंडांच्या शिक्षणाचे काय, हेही त्याच कागदावर यावे.

परदेशी जाणाऱ्यांनी तर दुप्पट सावध राहावे. मुलाला बाहेर पाठवण्यासाठी आजोबांनी उसाच्या कष्टातून घेतलेली जमीन गहाण पडते किंवा विकली जाते. ज्या संस्थेत तो जातो तिची पदवी येथे मान्य आहे की नाही, हे मात्र कोणी विचारलेले नसते. एजंटाच्या रंगीत पुस्तिकेत सगळे छानच असते. म्हणून पहिला हप्ता भरण्यापूर्वी उच्च शिक्षण आयोगाकडे पदवीच्या मान्यतेबद्दल चौकशी करावी. व्यवसायाचे शिक्षण असेल तर त्या त्या कौन्सिलकडेही करावी. आणि उत्तर तोंडी न घेता लेखी घ्यावे. एजंटाने, परिचिताने किंवा देवळात भेटलेल्या माणसाने "काही अडचण येत नाही" असे सांगणे, याला मान्यता म्हणत नाहीत.

भारतात शिकू इच्छिणाऱ्यांसाठी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या, म्हणजे आय.सी.सी.आर.च्या, शिष्यवृत्त्या आहेत. अर्ज संगणकावरून करावा लागतो आणि मुदत संपल्यावर कोणाची ओळख उपयोगी पडत नाही. पुण्या-मुंबईत शिकायला मिळाले तर आपल्या मुलांना भाषेचाही लाभ होतो. मात्र अर्ज करताना शहर पाहून विद्यापीठ निवडू नये, अभ्यासक्रम पाहून निवडावे.

मराठी घेऊन काय मिळते?

हा प्रश्न या पानाच्या वाचकांना हमखास पडतो, म्हणून आम्ही तो टाळीत नाही. आपल्याकडे प्राथमिक शाळेपासून मराठी शिकता येते. एस.सी. आणि एच.एस.सी.लाही तो विषय घेता येतो. आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत, मॉरिशस विद्यापीठाच्या सहकार्याने, मराठीची पदवीही घेता येते. या संस्थेचा कायदा 1970 चा. एका छोट्या बेटावर ही सोय असणे ही मोठी मिळकत आहे, आणि ती कोणी फुकट दिलेली नाही. आपल्या आधीच्या पिढीने ती मागून, झटून मिळवली.

पण सल्ला द्यायचा तर खरा द्यावा. मराठीच्या पदवीधरासाठी सरळ वाट शिक्षकाची आहे, आणि शिक्षकांच्या जागा मोजक्या असतात. वर्गात मुले असतील तर जागा असतील. त्यामुळे जो विद्यार्थी मराठीची पदवी घेतो त्याने तिच्या जोडीला आणखी एक कौशल्य धरावे. भाषांतर, रेडिओ-दूरदर्शनचे काम, संगणकावर मजकूर तयार करणे, पर्यटन, ग्रंथालय, यांपैकी काहीही चालेल. आणि जो हिशेबशास्त्र किंवा इंजिनियरिंग शिकतो त्याने मराठी सोडू नये. आपली मुले क्रिओल बोलतात, फ्रेंच वाचतात, इंग्रजीत परीक्षा देतात आणि मराठी जाणतात. चार भाषा जाणणारे तरुण जगात सगळीकडे मिळत नाहीत. मुलाखतीच्या अर्जात मात्र हीच मुले भाषांच्या रकान्यात मराठी लिहायला लाजतात. ज्याची लाज वाटते तेच आपले भांडवल आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

मुलींच्या बाबतीत

मुली आज अभ्यासात मागे नाहीत, हे सांगायला नको. तरीही सल्ल्याच्या वेळी मुलासाठी एक माप आणि मुलीसाठी दुसरे माप लावलेले आम्ही पाहतो. "इतके लांब कशाला, शिक्षिका हो, घराजवळ काम मिळेल." शिक्षिका होणे उत्तमच आहे, पण ते तिच्या आवडीने झाले तर. जिला यंत्रांत रस आहे तिला वर्ग सांभाळायला लावले तर ती दुःखी होते आणि वर्गातली मुलेही. मुलीला विद्यापीठात पाठवून निर्णय मात्र चुलत्यांनी घ्यायचे, याला शिक्षण म्हणता येणार नाही.

पदवी आणि पहिली नोकरी

पदवी हाती येऊनही नोकरी नाही, ही तक्रार नवी नाही. सरकारनेही ती ओळखली. 2013 साली तरुणांसाठी जी रोजगार योजना सुरू झाली, तिचा हेतू हाच होता की तरुणाला मालकाकडे काम करता करता शिकता यावे आणि त्याच्या नावावर काही अनुभव जमा व्हावा. मालक विचारतात, "अनुभव आहे का?" मुले म्हणतात, "नोकरीच नाही तर अनुभव कोठून आणू?" ही गाठ सुटते ती विद्यापीठात असतानाच. सुटीतले काम, अभ्यासक्रमातील प्रत्यक्ष कामाचे आठवडे, मंडळीच्या गणेशोत्सवाचा हिशेब ठेवणे, गावातील लहान मुलांना शिकवणे, हा सर्व अनुभवच आहे. तो तारीखवार लिहून ठेवावा.

अर्ज प्रत्येक जागेसाठी वेगळा लिहावा. एकच कागद पन्नास ठिकाणी पाठवणाऱ्याला पन्नास ठिकाणांहून मौन मिळते. जाहिरातीत जे मागितले आहे त्याचे उत्तर अर्जाच्या पहिल्या पाच ओळींत असावे. ज्यांना तुमचे काम ठाऊक आहे अशा दोन व्यक्तींची नावे त्यांना आधी विचारून द्यावीत. आणि मुलाखतीचा सराव घरी एकदा तरी करावा. काकांनी साहेब व्हावे, मुलीने उत्तरे द्यावीत. हसू येईल, पण भीती जाईल.

मंडळींनी एक रविवार द्यावा

शेवटी आमची एक सूचना आहे आणि ती आपल्या गावोगावच्या मराठी मंडळींना आहे. गणेश चतुर्थीला आपण एकत्र येतो, भजनाला येतो, शिवजयंतीला भाषणे करतो. वर्षातून एक रविवारची दुपार मुलांच्या पुढील शिक्षणासाठी द्यावी. तेथे हार नकोत, अध्यक्षीय भाषण नको. गावातील व आसपासच्या मराठी माणसांना बोलवावे. त्यांत नर्स, हिशेबनीस, विजेचे काम करणारा, शिक्षिका, बँकेतली मुलगी, हॉटेलातला आचारी, पोलीस अधिकारी, संगणकावर काम करणारा तरुण असावेत. प्रत्येकाने एका टेबलाशी बसावे आणि मुलांनी फिरून प्रश्न विचारावेत. दिवस कसा जातो? पगार सुरुवातीला किती, दहा वर्षांनी किती? काय शिकावे लागले? काय शिकायचे राहिले? पुन्हा सुरुवात करता आली तर हेच कराल का? या पाच प्रश्नांची खरी उत्तरे कोणत्याही छापील पुस्तिकेत मिळत नाहीत.

तसेच सध्या विद्यापीठात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलामुलींची एक यादी प्रत्येक शाखेने ठेवावी. नव्या विद्यार्थ्याला प्राध्यापकांपेक्षा दोन वर्षे पुढे असलेल्या ताईचा किंवा दादाचा सल्ला आधी पटतो. कोणते ग्रंथालय उशिरापर्यंत उघडे असते, कोणत्या विषयाला सुरुवातीपासून लागावे, जुन्या प्रश्नपत्रिका कोठे मिळतात, हे तेच सांगू शकतात. अशा यादीला एक वही पुरते, पैसे लागत नाहीत.

"ऐकावे जनाचे, करावे मनाचे" असे आपली जुनी माणसे म्हणत. त्यात ऐकणे आधी येते आणि करणे नंतर, पण करायचे ते मनाचेच. सल्ला देणाऱ्याने निर्णय घेऊ नये. त्याने माहिती पुढे ठेवावी, धोके सांगावेत आणि मग गप्प बसावे. निर्णय मुलाचा, मुलीचा. तो त्यांनी डोळे उघडे ठेवून घेतला तर चुकला तरी त्यांना सावरता येतो. दुसऱ्याने लादलेला निर्णय बरोबर निघाला तरी तो आपला वाटत नाही.

आपल्या घरी यंदा कोणी एस.सी.च्या किंवा एच.एस.सी.च्या वर्गात असेल, तर हे पान वाचून झाल्यावर त्याला किंवा तिला जवळ बसवा. "काय होणार?" असे विचारू नका. त्या प्रश्नाने मुले गोंधळतात. "तुला दिवसभर काय करायला आवडते?" असे विचारा आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नका. बाकीचे कोणाला विचारायचे, ते मग दोघांनी मिळून ठरवा.